जुने चित्रपट, घरातले कपाट आणि आपली शाळा



दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आपल्या उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या घरांतून पस्तीवाल्याची हातगाडी भरून जाते. त्यात हल्ली रद्दीबरोबर व्हिडिओ कॅसेट आणि सीडीही असतात. प्लेअर बंद पडलेला, कॅसेट कोणी पाहत नाही, जागा अडते, म्हणून द्या टाकून. या अंकातील अभ्यासलेख अशाच एका टाकून देण्याजोग्या वाटणाऱ्या वस्तूविषयी आहे.

आधी थोडा इतिहास. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. त्यानंतर बोलपट येईपर्यंत आपल्या देशात १३०० च्या आसपास मूकपट झाले. आज त्यातले तीसही हाती नाहीत, आणि जे आहेत तेही बहुतेक तुकड्यांत. १९३१ सालचा पहिला बोलपट 'आलम आरा' याची एकही प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते आणि जुनी झाली की आपोआप कुजते. शिवाय फिल्मवर चांदीचा अंश असल्यामुळे चित्रपटाचे दिवस संपले की चांदी काढण्यासाठी रिळे विकली जात. म्हणजे भंगारात देण्याची सवय आजची नाही!

हे थांबावे म्हणून १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर नावाचे गृहस्थ १९६५ मध्ये रुजू झाले आणि १९९१ पर्यंत त्यांनी एकच काम केले : चित्रपट शोधणे आणि सांभाळणे. फाळक्यांच्या चित्रपटांचे आज जे अंश आपण पाहू शकतो ते त्यांच्यामुळे. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी जिने बाळकृष्णाचे काम केले तो 'कालिया मर्दन' (१९१९) बराचसा वाचला तोही याच धडपडीत. नायरसाहेब २०१६ मध्ये गेले. त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट केला आहे. वरच्या वर्गांतील मुलांनी तो जरूर पाहावा.

तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभात कंपनीच्या चित्रपटांसह अनेक जुनी रिळे जळाली. तात्पर्य एवढेच की सरकारी कोठारातही वस्तू एकाच जागी ठेवली तर ती सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. एका चित्रपटाच्या प्रती जितक्या जास्त ठिकाणी, तितका तो टिकण्याचा संभव अधिक. घरातल्या कॅसेट-सीडीची किंमत इथेच आहे. मूळ फिल्मची जागा ती घेऊ शकत नाही, चित्राचा दर्जाही बेताचाच असतो. पण एखादा चित्रपट कोणत्याच दुकानात मिळेनासा होतो तेव्हा कोणाच्या तरी कपाटातली प्रतच उपयोगी पडते.

आता कोणी म्हणेल, सर, आता सर्व काही मोबाईलवर मिळते. मिळते, हे खरे. पण तेथे जे आहे ते आपल्या मालकीचे नाही. आज आहे, उद्या काढून घेतले जाईल. पुष्कळदा कोणीतरी मधली वीस मिनिटे कापलेली असतात आणि कोपऱ्यात स्वतःचे चिन्ह चिकटवलेले असते. हातात असलेल्या डिस्कचे तसे होत नाही.

भाषेच्या अभ्यासासाठी तर जुन्या चित्रपटांसारखे साधन नाही. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे संस्थापक. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली आणि १९५३ मध्ये बंद झाली. त्याच जागेवर पुढे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. या कंपनीने 'अयोध्येचा राजा' (१९३२) पासून कित्येक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे काढले. हे डबिंग नव्हे. तोच प्रसंग, तोच सेट, पण संवाद दोनदा बोलले गेले, चित्रणही दोनदा झाले. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला (१९३७), 'माणूस' झाला 'आदमी' (१९३९), आणि 'शेजारी' झाला 'पडोसी' (१९४१).

मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे 'पडोसी' आधी पाहिला आणि 'शेजारी' पुष्कळ नंतर. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यात जी मजा आहे ती व्याकरणाच्या पुस्तकात नाही. हिंदीत मुसलमान मिर्झाचे काम गजानन जागीरदार यांनी केले आणि हिंदू मित्राचे काम मजहर खान यांनी. मराठीत मिर्झा जागीरदारच आहेत, समोर जिवबा म्हणून केशवराव दाते. दोघे मित्र बुद्धिबळाचा पट मांडून बसतात तो भाग आधी मराठीत ऐकावा, मग हिंदीत. माझ्या मते दात्यांचा जिवबा अधिक उजवा आहे, पण यावर वर्गात वाद झाला तर मला आनंदच होईल. आपली मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीसमोर हिंदी बोलतात. तीन भाषांची सरमिसळ होते म्हणून आपण त्यांना रागावतो. त्यापेक्षा एकच वाक्य दोन भाषांत कसे उभे राहते हे त्यांच्या कानांवर पडू द्यावे.

'कुंकू' आठवीच्या पुढच्या मुलींनी आणि मुलांनीही पाहावा. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी हे काम १९३७ साली केले आहे, हे लक्षात ठेवून पाहा. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते पडद्यावरच्या वस्तूंचेच आवाज. भिंतीवरच्या घड्याळाकडे विशेष लक्ष द्या. ते कोणाचे घड्याळ आहे आणि केव्हा थांबते, यावर दहा ओळी लिहून आणाव्यात.

'संत तुकाराम' (१९३६) तर बहुतेक घरांत आजी-आजोबांनी पाहिलेलाच असतो. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम आणि गौरी त्यांची आवली. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या चित्रपटातला एक अभंग तुकोबांचा नाहीच, तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. तो इतका जमून गेला की भल्याभल्यांना तुकोबांचाच वाटला. नववीच्या मुलांना काम देतो : चित्रपटातले सर्व अभंग उतरवून काढा, ग्रंथालयातली गाथा घ्या आणि कोणता अभंग गाथेत सापडत नाही ते शोधा. उत्तर मोबाईलवर पाहू नये.

नंतरच्या काळातलेही संग्रहात हवेत. साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेला 'श्यामची आई' (१९५३), ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. जब्बार पटेल यांचे 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन' आणि 'उंबरठा'. 'उंबरठा'चीही हिंदी आवृत्ती आहे, 'सुबह'. दोन्हींत स्मिता पाटील. त्याच स्मिता पाटील यांचा 'मंथन' (१९७६) आपल्या गुजरातचा : पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगल यांनी चित्रपट केला. त्याची दुरुस्त केलेली नवी प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानेही 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावाने '२७ डाउन', 'मिर्च मसाला' असे चित्रपट स्वच्छ करून डीव्हीडीवर आणले होते. कोणाकडे असतील तर ते मोलाचे आहेत.

आता जतनाविषयी, कारण सुरतेची हवा या वस्तूंची वैरी आहे. कॅसेटमधल्या फितीवर चुंबकीय कणांचा लेप असतो. दमट हवेत तो लेप ओलावा धरतो, चिकट होतो आणि त्यावर पांढरी बुरशी येते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईच्या पाण्याने तापीला पूर आला, अडाजण-रांदेरकडे घरांत पाणी शिरले, तेव्हा लग्नाचे अल्बम आणि कॅसेट किती घरांतून गेल्या असतील त्याची गणती नाही. म्हणून कपाट निवडताना खालचा खण घेऊ नये. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवावी, टीव्ही किंवा स्पीकरच्या डोक्यावर कधीच नाही. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पावसाळ्यानंतर बदलावी.

सीडीबाबत एक गैरसमज आहे. आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहितो. वस्तुतः सीडीचा चमकणारा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ वार्निशखाली असतो. तिथला ओरखडा दुरुस्त होत नाही. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी दणकट. घरी कॉपी केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्य असते, ते उन्हाने मरते. व्हीसीडीच्या एका चकतीत सुमारे ७४ मिनिटे मावतात, त्यामुळे चित्रपट दोन चकत्यांत येतो. दुसरी हरवली की पहिली निरुपयोगी. पाकिटावरची मिनिटे आणि प्रत्यक्षातली मिनिटे ताडून पाहावीत. 'संत तुकाराम' दोन तासांच्या वर दहा मिनिटे आहे. तुमचा दीड तासात संपत असेल तर कात्री लागली आहे असे समजावे.

कायद्याचा प्रश्न पालक सभेत विचारला गेला होता. आपल्या प्रतिमुद्राधिकार कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे शाळेने आपल्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित व्यक्तींसमोर चित्रपट दाखवला तर तो भंग होत नाही. मात्र प्रती काढून वाटणे किंवा विकणे यास शाळा परवानगी देणार नाही.

विश्वस्त मंडळापुढे माझी मागणी छोटी आहे. ग्रंथालयात एक लोखंडी कपाट, एक चालू डीव्हीडी प्लेअर आणि एक दुरुस्त केलेला व्हीसीआर. व्हीसीआरचे उत्पादन २०१६ मध्ये जगात थांबले, तेव्हा तो आता जुन्या बाजारातच मिळेल, आणि दरवर्षी अधिक महाग मिळेल. कपाटाबरोबर एक नोंदवही राहील : नाव, साल, भाषा, मिनिटे, कोणाकडून आले, शेवटचे कधी चालवून पाहिले. दात्याचे नाव वहीत राहील, भिंतीवर नाही. हे वाचून काही जण नाराज होतील, होवोत.

चित्रपटांबरोबर आणखी एक गोष्ट मागतो. आपल्या शाळेची जुनी स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातली नाटके, मंडळांचे कार्यक्रम पालकांनी हौसेने चित्रित केलेले आहेत. 'संत तुकाराम'ची प्रत दुसरीकडे कुठेतरी मिळेल, पण या कार्यक्रमांची दुसरी प्रत कुठेही नाही. ती प्रथम संगणकावर उतरवू, चित्रपट नंतर.

कॅसेट आणि डिस्क शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथालयात द्याव्यात. पांढरे डाग दिसत असतील तर ती कॅसेट घरी चालवून पाहू नये. बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि त्यानंतर त्यात घातलेली प्रत्येक चांगली कॅसेटही बिघडते. अशी कॅसेट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर कागद चिकटवून आणावी.