सशाचे घर

पांढराशुभ्र ससा कोणाला आवडत नाही? परंतु त्याला घरी आणण्यापूर्वी त्याच्या निवाऱ्याचा विचार करणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.

न्यूझीलंड व्हाइट जातीचा ससा पूर्ण वाढला म्हणजे ४ ते ५ किलो भरतो. असा एक ससा मी पाळला होता. अज्ञानाने मी त्याला जाळीचा तळ असलेल्या लहान पिंजऱ्यात ठेवले. काही दिवसांनी तो हालेनासा झाला. पाहतो तो काय, त्याचे मागील पाय सोलवटून जखमा झाल्या होत्या! कुत्र्यामांजरांप्रमाणे सशाच्या तळव्यांना गादी नसते. केवळ केसांचे आवरण असते. मला माझीच लाज वाटली.

मग मी खोलीचा एक कोपरा त्याला दिला. तेथे ऊन येत नव्हते आणि विजेच्या ताराही नव्हत्या. सशाचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो सतत कुरतडतो. हे ओळखून मी जुन्या खोक्यांच्या फळ्यांची चौकट केली व तिला आतून जाड तारेची जाळी ठोकली. ससा तीन उड्या मारू शकेल इतकी लांबी आणि मागील पायांवर उभा राहिल्यास कान टेकणार नाहीत इतकी उंची ठेवली. तळाशी वाळलेल्या गवताचा जाड थर पसरला. लपण्यास एक खोके दिले. मांजराच्या भीतीने दाराला कडी-कोयंडा बसविला. खर्च झाला तो जाळी, खिळे व कडी यांचाच.

मुक्या प्राण्याला आपले दुःख सांगता येत नाही. ते पाळणाऱ्यानेच ओळखावयाचे असते.

स्वाध्याय

१. लेखकाला स्वतःची लाज का वाटली?
२. सशाच्या कोणत्या सवयीमुळे जाड तारेची जाळी लागते?