आग, जिना आणि स्टॉपवॉच

'फायर प्रोटेक्शन' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ केलेला फायर ट्रँगल आठवतो. इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता. यातली एक बाजू तोडली की आग विझली. मार्क मिळतात, विषय सुटतो. पण या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न वेगळा आहे. आग लागल्यावर आपल्या हातात वेळ किती असतो, आणि बाहेर पडायला वेळ किती लागतो? पहिल्याला 'उपलब्ध वेळ' म्हणू, दुसऱ्याला 'लागणारा वेळ'. उपलब्ध वेळ जास्त असेल तरच इमारत सुरक्षित. हे गणित मी आपल्या हॉस्टेलला लावून बघितलं, तेच इथे मांडतो.

पहिलं गणित : उपलब्ध वेळ

सुरुवातीच्या काळात आग वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असं डिझाईनमध्ये धरतात. म्हणजे हीट रिलीज रेट = अल्फा × वेळेचा वर्ग. वेळ सेकंदात घेतली तर उत्तर किलोवॉटमध्ये येतं. 'फास्ट' गटातल्या आगीसाठी अल्फा ०.०४६९ असतो. फोमची गादी, पडदे, दोरीवरचे कपडे आणि झेरॉक्सचे गठ्ठे असलेली आपली खोली या गटात धरायला हरकत नाही. आता आकडे टाका. १ मिनिटाला सुमारे १७० किलोवॉट, २ मिनिटांना ६७५ किलोवॉट. वेळ दुप्पट, आग चौपट! आपण मॅगीसाठी लपवून वापरतो ती शेगडी २ किलोवॉटची असते. म्हणजे दोन मिनिटांत तीनशेहून जास्त शेगड्या एकाच खोलीत पेटल्यासारखं झालं.

पुढे येतो फ्लॅशओव्हर. छताखाली साठलेला गरम धूर इतका तापतो की खोलीतली प्रत्येक जळणारी वस्तू जवळपास एकदम पेट घेते. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहू शकत नाही. यासाठी किती किलोवॉट लागतात, याचं थॉमस यांचं सूत्र आहे :

७.८ × खोलीच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ + ३७८ × दाराचं क्षेत्रफळ × दाराच्या उंचीचं वर्गमूळ

खोली ३ × ३ × ३ मीटर आणि उघडं दार ०.९ × २ मीटर घेतलं, तर पहिला भाग सुमारे ४०७ आणि दुसरा ९६२ येतो. बेरीज झाली साधारण १३७० किलोवॉट. 'फास्ट' आग तिथे पोचते १७१ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! अर्थात हा अंदाज आहे. खिडकी, सामान, वारा यांनी आकडा बदलतो. शिवाय त्या मजल्यावर धूर याच्या आधीच पसरतो, लांबच्या टोकाला थोडा उशिरा. पण हिशोबापुरते आपण १७१ सेकंद धरू.

दुसरं गणित : लागणारा वेळ

आपलं हॉस्टेल तळमजला अधिक तीन मजल्यांचं. वरच्या तीन मजल्यांवर मिळून १८० मुलं. दोन जिने, प्रत्येक १.५ मीटर रुंद. जिन्यात माणूस भिंतीला आणि कठड्याला घासून चालत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे १५-१५ सेंटिमीटर वजा करतात. उरले १.२ मीटर. गर्दीच्या वेळी दर मीटरमागे सेकंदाला साधारण १ माणूस उतरतो, म्हणजे एका जिन्यातून १.२ माणसं. दोन्ही जिने उघडे असतील तर १८० मुलांना ७५ सेकंद, आणि एकच असेल तर १५० सेकंद.

पण रात्री दोन वाजता 'आग!' अशी हाक ऐकून कोणी लगेच पळत सुटत नाही. आधी वाटतं कोणाचा तरी वाढदिवस असेल. मग चष्मा, चप्पल, मोबाईल. अलार्म नसेल तर यात २ मिनिटं सहज जातात. चांगला अलार्म असेल आणि सराव झालेला असेल तर हे काम ४५ सेकंदांवर येईल असं मी धरलंय. आता चार शक्यता बघा :

अलार्म नाही, एक जिना : १२० + १५० = २७० सेकंद
अलार्म नाही, दोन जिने : १२० + ७५ = १९५ सेकंद
अलार्म आहे, एक जिना : ४५ + १५० = १९५ सेकंद
अलार्म आहे, दोन जिने : ४५ + ७५ = १२० सेकंद

१७१ च्या आत फक्त शेवटची ओळ बसते. नुसता अलार्म लावून भागत नाही आणि नुसता जिना उघडूनही भागत नाही. आपण सध्या पहिल्या ओळीत आहोत, कारण मागच्या जिन्याला रात्री दहाला कुलूप लागतं आणि अलार्म नाहीच.

कुलपामागची कारणं खोटी नाहीत. चोऱ्या होतात, बाहेरचे लोक शिरतात, आणि आपल्यातलेच काही वीर मागच्या दाराने सेकंड शोला जातात. वॉचमनकाकांचंही त्यात काही चुकत नाही, त्यांना तसा आदेश आहे. पण नॅशनल बिल्डिंग कोडच्या चौथ्या भागात स्पष्ट सांगितलंय की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. बाहेरून बंद, आतून दांडा ढकलला की उघडं, असं कुलूप मिळतं. त्याला बझर जोडला की सेकंड शोवाल्यांचाही बंदोबस्त होतो!

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर दिल्लीचं उपहार सिनेमागृह आठवा. १३ जून १९९७ रोजी तिथे तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली आणि पार्किंगमधल्या गाड्या पेटल्या. धूर जिन्यातून वर बाल्कनीत गेला. ५९ माणसं गेली, ती बहुतेक गुदमरून. बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. तिथे अडवलेल्या वाटेने जीव घेतले.

आता एक बिनखर्चाचा उपाय. खोलीत आग लागली आणि पहिल्या काही सेकंदांत एक्स्टिंग्विशरने आटोक्यात आली नाही, तर बाहेर पडा आणि दार ओढून घ्या. वरचं सगळं गणित उघड्या दाराचं आहे. दार बंद झालं की आगीला मिळणारी हवा कमी होते आणि मुख्य म्हणजे कॉरिडॉरमध्ये धूर लोटत नाही. मग 'बघू तरी विझली का' म्हणून ते पुन्हा उघडू नका. आत कोंडलेल्या गरम वायूंना ताजी हवा मिळाली तर भडका थेट तोंडावर येतो.

रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला विनंती एवढीच की मागच्या दाराचं कुलूप बदलावं, प्रत्येक मजल्यावर अलार्म बसवावा आणि जिन्याखालच्या जुन्या गाद्या हलवाव्यात. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले. त्या दिवशी हॉस्टेलवर एक ड्रिल घेऊ या. स्टॉपवॉच घेऊन खाली मी उभा राहीन. १८० वा माणूस १७१ सेकंदांच्या आत बाहेर आला, तरच आपण या विषयात पास झालो असं मी समजेन.