डोळा स्वच्छ, तरी बांगडा बाधला

मे महिन्यात भाऊजी कामासाठी रत्नागिरीला गेले होते. सकाळीच मिरकरवाड्यावरून बांगडे घेतले. त्यांची पारख पक्की: डोळा फुगीर, कल्ले लालभडक, पोट घट्ट असल्याशिवाय पाटीला हात लावायचे नाहीत. मासळी चोखच होती. फक्त पाणी सांडून डिकी वासेल म्हणून बर्फ जेमतेम मूठभर घेतला, आणि उरलेली कामं आटपून, आंबा घाट चढून कोल्हापुरात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

मी साफ करायला घेतले तेव्हा डोळे किंचित बसले होते, पण वास अजिबात नव्हता. आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवून तळले. पहिल्याच घासाला जिभेवर मिरी चावल्यासारखी चुणचुण झाली. तिखट जास्त पडलं असेल, असं वाटलं. मामंजींनी दोन बांगडे खाल्ले. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा, मान, छाती लालबुंद, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. आम्ही आधी बीपीचं मशीन काढलं. दवाखान्यात डॉक्टरांनी जेवणात काय होतं ते विचारलं आणि बांगडा म्हटल्यावर पुढचा प्रश्न केला, "बर्फात होता का?"

इंजेक्शनने रात्रीपर्यंत उतार पडला. सासूबाईंनी मासळी कायमची बंद करायचा हुकूम काढला होता, पण ही ॲलर्जी नव्हती. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत जे आपलं शरीरच सोडतं, ते इथे ताटातून आयतं पोटात जातं, म्हणून लक्षणं हुबेहूब तशीच. हे हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. आगळ, लिंबू, आलं-लसूण वासाचं काय ते बघतात, त्यापलीकडे काही नाही. मात्र श्वास लागला किंवा ओठ-घसा सुजला, तर ॲलर्जी की बाधा याचा काथ्याकूट करू नये, सरळ दवाखाना गाठावा.

म्हणजे डोळा-कल्ला बघायचा नाही का? बघायचाच. पण मासा आत्ता कसा आहे एवढंच तो सांगतो, मधे किती ऊन खाल्लं ते सांगेलच असं नाही. शिवाय बर्फाला थेट चिकटलेल्या ताज्या माशाचाही डोळा पांढुरका होतो, म्हणून नुसत्या डोळ्यावर जाऊ नये. कल्ला उचलून बघावा: लाल किंवा गुलाबी हवा, तपकिरी, बुळबुळीत नको. बोटाने दाबलं की खड्डा भरून यावा. ताजा बांगडा डोक्याकडे धरला तर ताठ राहतो, शेपटीकडे लोंबत नाही. कल्ला उघडू द्यायला कोळीण कां-कू करायला लागली, तर पुढच्या पाटीकडे वळावं. भांडायचं कारण नाही. आणि बांगड्याच्या बाबतीत भावाआधी बर्फ बघावा. माशाच्या वर-खाली दोन्हीकडे आहे, की शोभेपुरता वर भुरभुरलाय?

कापलेल्या सुरमईत ना डोळा, ना कल्ला. तिथे मणक्याजवळचं रक्त तांबडं आहे की काळपटलंय, आणि मांस काट्यापासून सुटत चाललंय का, ते पाहावं. शक्यतो अख्खी निवडून समोर कापून घ्यावी. पापलेट कल्ल्याजवळ दाबून पांढरट पाणी येतं का ते बघण्याची रीत आमच्याकडेही आहे. मी एकट्या तिच्यावर विसंबत नाही. बोंबील लिबलिबीत व्हायच्या आत घ्यावेत. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात, उघडी असलेली टिचकी मारल्यावर मिटली पाहिजे. मोरीला अमोनियाचा भपकारा आला तर फुकट दिली तरी नको.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा बाजारात दिसणारा बराच माल गोठवलेला किंवा बाहेरून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण एकदा वितळलेला मासा घरी पुन्हा गोठवू नये.

२०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मलिन असल्याचा बोभाटा झाला आणि कित्येकांनी मासळीकडे पाठ फिरवली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखायच्या कागदी पट्ट्याही काढलेल्या होत्या. ती भीती खोटी नव्हे. पण रसायनाच्या धास्तीने पाटीपाटीला नाक लावणारी माणसंच मासळीची पिशवी गाडीत ठेवून लग्नाला जाऊन येतात, हे मी पाहिलंय.

बाजारहाटात मासळी शेवटी घ्यावी. लांब न्यायची तर झाकणाचा थर्मोकोलचा डबा, तळाशी बर्फ, मधे मासे, वर पुन्हा बर्फ. घरी पोचल्यावर आधी पोट साफ करून फ्रीजमध्ये, मग चहा. आणि इतकं करूनही बांगडा जिभेला झोंबला तर तो घास तिथेच थांबवावा, वाढणारी कितीही आग्रह करो.