देखभालीनंतर तापणारे एंजिन

नियमित देखभालीसाठी विक्रेत्याच्या कार्यशाळेत दिलेली मोटारसायकल परत आल्यावर पूर्वीपेक्षा अधिक तापू लागली, तर एंजिनातच काही मोठा बिघाड झाला असावा अशी शंका मालकाला येते. परंतु कोणत्याही यंत्राचा दोष शोधताना तो केव्हा सुरू झाला, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा. काल सुरळीत चालणारे यंत्र आज बिघडले आणि दरम्यान त्याला कोणाचा हात लागला असेल, तर जेथे हात लागला तेथूनच तपासणीस प्रारंभ करणे शहाणपणाचे ठरते.

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारणपणे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागच गतीच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही अंशी धुराबरोबर आणि काही अंशी सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडते. बुलेटसारख्या परंपरागत गाड्यांत सिलिंडरवरील पातळ धातूच्या पात्यांमधून वाहणारा वारा ही उष्णता वाहून नेतो. द्रवाने एंजिन थंड करण्याची पद्धतही जुनीच आहे. इंग्लंडमधील स्कॉट मोटारसायकलींनी १९०८ च्या सुमारास पाण्याचा आश्रय घेतला होता. भारतात २००८ साली आलेल्या यामाहा आर-१५ सारख्या गाड्यांमुळे ती सामान्य ग्राहकाच्या परिचयाची झाली.

या पद्धतीत पंप शीतक द्रवाला सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवतो. द्रव सुमारे ८० अंश सेल्सिअस तापला की थर्मोस्टॅटची झडप उघडू लागते आणि द्रवाला रेडिएटरची वाट मिळते. रेडिएटरचे झाकणही येथे महत्त्वाचे काम करते. आतील दाब बाहेरील हवेपेक्षा साधारण एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका वाढू देऊन ते द्रवाचा उत्कलनबिंदू वर नेते. समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळणारे पाणी या दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब वाढून झाकणातील झडप उचलली गेली की जास्तीचा द्रव लहान राखीव टाकीत जातो, आणि एंजिन निवल्यावर तोच द्रव परत ओढला जातो.

देखभालीत शीतक बदलला असेल, तर पहिला संशय आत अडकलेल्या हवेवर घ्यावा. नवा द्रव भरताना उंच भागांत, विशेषतः सिलिंडरच्या शीर्षात, हवेचे कप्पे राहून जातात. हवा द्रवाइतकी उष्णता वाहून नेऊ शकत नाही. पंपात हवा शिरली तर द्रवाचा प्रवाह मंदावतो, आणि थर्मोस्टॅटभोवती हवा असेल तर तो उशिरा उघडतो. तापमापक एकाएकी वर चढणे व तसाच खाली उतरणे, ही या दोषाची नेहमीची खूण होय.

तपासणी एंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, आतील द्रव क्षणात उकळतो आणि त्याचा फवारा हातातोंडावर येऊन गंभीर भाजते. थंड अवस्थेत मात्र झाकण काढून प्रत्यक्ष रेडिएटरमधील पातळी पाहावी. केवळ राखीव टाकी पाहणे पुरेसे नाही. झाकणाचे रबर खराब असेल तर टाकीतील द्रव परत ओढला न जाता तेथेच राहतो, आणि टाकी भरलेली दिसत असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. पातळी कमी असल्यास निर्मात्याने सांगितलेला शीतकच भरावा, आणि आतील हवा पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच काढावी. पहिल्या फेरीनंतर एंजिन निवल्यावर पातळी पुन्हा पाहणे अगत्याचे असते.

पातळी ठीक असेल तर पुढचा क्रम विजेच्या पंख्याचा. देखभालीसाठी टाकी वा बाजूचे आवरण काढताना पंख्याची तार सुटते आणि परत जोडावयाची राहते. धावत्या गाडीला वारा मिळत असल्याने ही चूक लक्षात येत नाही. ती प्रकट होते गर्दीच्या रस्त्यावर किंवा सिग्नलवर. त्यानंतर नळ्यांचे सांधे, झाकण नीट बसल्याची खात्री आणि रेडिएटरची पाती पाहावीत. गाडी धुताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ही नाजूक पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते. एवढे सारे निर्दोष ठरल्यावरच पंप, थर्मोस्टॅट आणि सिलिंडर-शीर्षाखालील गॅस्केट यांच्याकडे वळावे.

उन्हाळ्यात थांबलेल्या गाडीचा पंखा फिरू लागणे हा मात्र दोष नव्हे. ते त्याचे कामच आहे. परंतु धोक्याचा दिवा लागल्यावरही गाडी दामटणे महागात पडते. ॲल्युमिनियमचे शीर्ष अतितापाने वाकते, गॅस्केट निकामी होते आणि थोड्या शीतकाने मिटणारा प्रश्न एंजिन उघडण्यापर्यंत जातो. म्हणून दिवा लागताच गाडी थांबवावी आणि कार्यशाळेच्या कामाच्या नोंदपत्रकावरून काय काय उघडले होते ते विचारून घ्यावे. एंजिन कोणत्या वेगाला, किती अंतरानंतर तापले, पंखा फिरत होता की नाही, हे टिपून ठेवणाऱ्या ग्राहकाची तक्रार नाकारणे कठीण असते, आणि कारागिरालाही नेमका दोष त्यामुळेच लवकर सापडतो.