ब्राह्मी : नाव एक, वनस्पती दोन

कोलकात्याच्या गार्डन रीचसमोर, हुगळीच्या पलीकडच्या तीरावर, शिबपूरचे वनस्पती उद्यान आहे. त्याची स्थापना १७८७ साली झाली. वनस्पतीची ओळख निश्चित करण्याचे असल्या उद्यानांतील काम औषधविद्येला किती आवश्यक आहे, ते ब्राह्मीवरून ध्यानात येते. बंगालची 'ब्राह्मी शाक' म्हणजे दलदलीत वाढणारी, चिमुकल्या मांसल पानांची बॅकोपा, आपली नीरब्राह्मी. महाराष्ट्रात मात्र पुष्कळ जण गोलसर पानांच्या मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणतात. ती बंगाल्यांची थानकुनी.

मधुमेहात रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते आणि स्मरणशक्ती क्षीण होऊ शकते. २०१५ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांनी मधुमेही केलेल्या उंदरांना बॅकोपाचा अर्क दिला, तेव्हा त्यांची स्थळस्मृती सुधारलेली आढळली. बॅकोपातील प्रमुख द्रव्ये बॅकोसाइड. मंडूकपर्णीत असते ते एशियाटिकोसाइड. एकीवरचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही. उंदरांवरचा निष्कर्ष रुग्णाला तर मुळीच नाही, आणि अर्काच्या भरवशावर इन्शुलिन सोडणे जिवावर बेतू शकते. बाटलीवर नुसते 'ब्राह्मी' एवढेच छापले असेल, तर आत कोणती वनस्पती आहे हे सांगता येणार नाही.