जनावरांचा डॉक्टर व्हायचे तर

हुपरी हे चांदीचे गाव. इथली पैंजणे दूरदूरच्या बाजारात जातात. पण हुपरीत नुसती चांदीच आहे असे नाही. भोवती ऊस आहे, वैरण आहे, आणि पुष्कळ घरांच्या दारात म्हैस आहे. पहाटे उठून धार काढावी, दूध संस्थेत घालावे आणि मग आपल्या कामाला बसावे, असा अनेक घरांचा रोजचा क्रम आहे. दुधाचे बिल आले की किराणा भागतो. म्हैस आजारी पडली तर सारे घरच आजारी पडल्यासारखे होते.

अशा घरातले मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की एखादे वेळी म्हणते, "मी जनावरांचा डॉक्टर होणार." तेव्हा घरातल्यांनी काय करावे, ते आपण या पाठात पाहू.

हसण्यावारी नेऊ नका

एक गृहस्थ आम्हाला म्हणाले, "गुरुजी, पोरगी म्हणतीया जनावरांची डॉक्टर हुणार. शेणामुतात हात घालायचं काम ते. पोरीला शोभतंय का?"

आम्ही विचारले, "तुमची म्हैस विताना अडली, तेव्हा रात्री कुणाला बोलावलंत?"

"डाक्टरास्नी."

"त्यांनी हात घातला म्हणून म्हैस आणि रेडकू दोन्ही वाचली ना?"

"व्हय, वाचली की."

"मग ज्या हाताने जीव वाचतो, तो हात घाण कसा?"

गृहस्थ गप्प झाले. शेण पाण्याने धुऊन जाते. विद्या धुऊन जात नाही. आज पशुवैद्यक महाविद्यालयांत मुलीही शिकतात आणि गोठ्यात उभ्या राहून उपचार करतात.

या विद्येने केवढे काम केले आहे ते पाहा. पूर्वी बुळकांड्या नावाचा रोग येई. तो आला की दावणीच्या दावणी रिकाम्या होत. जनावरांना लस टोचली, गावोगाव फिरून रोगाचा शोध घेतला, नोंदी ठेवल्या. 2011 साली हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. रोग्यांना तपासणारे, लस टोचणारे आणि नोंद लिहिणारे असे हजारो लोक त्यासाठी खपले. मात्र सगळे रोग गेलेले नाहीत. 2022 साली आपल्या राज्यात लम्पी रोगाने गाई-बैलांना गाठले, ते आपल्याला आठवतच असेल. म्हणून या विद्येची गरज संपलेली नाही.

पहिली शाळा गोठ्यात

माणूस डॉक्टरला सांगतो, "इथे दुखते." जनावराला बोलता येत नाही. म्हणून जनावरांच्या डॉक्टरला डोळ्यांनी ऐकावे लागते. ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. ती गोठ्यात लागते, आणि ती लावायला पैसे पडत नाहीत.

मुलाला शंभर पानांची एक वही आणून द्या. तिच्यावर लिहा, "गोठ्याची वही". तिच्यात चार रकाने आखा : तारीख, जनावर, काय पाहिले, काय केले. रोज संध्याकाळी दोन ओळी लिहायच्या. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एक दिवस मुलाने लिहावे, एक दिवस तुम्ही लिहावे. त्यात लाज कसली? काय पाहायचे ते असे :

1. म्हैस रवंथ करते का? वैरण खाल्ली का? पाणी किती प्याली?

2. दूध किती निघाले? कालच्यापेक्षा कमी का? कास गरम किंवा सुजलेली आहे का?

3. शेण पातळ आहे की घट्ट? त्याला वास किंवा रक्त आहे का?

4. गाय-म्हैस शांत उभी असताना मिनिटाला किती वेळा श्वास घेते? साधारण पंधरा ते तीस वेळा हे ठीक समजावे. उन्हाळ्यात भर दुपारी तो वाढतो.

5. डाव्या भकाळीवर तळहात ठेवावा. पोटाची हालचाल हाताला कळते. दोन मिनिटांत साधारण दोन-तीन वेळा ती झाली पाहिजे.

6. गाईचे अंग निरोगीपणी साधारण 101 ते 102 अंश फॅरनहाइट असते. तापमापक कसे लावायचे ते दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून एकदा नीट शिकून घ्यावे.

या वहीचा घरालाही फायदा होतो. म्हैस माजावर आली ती तारीख लिहून ठेवा. ती गाभण राहिली नाही तर साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. तो दिवस हुकला की आणखी एकवीस दिवसांची वैरण फुकट गेली. भरवल्याची तारीख लिहिली की विण्याचा दिवस काढता येतो. गाईला साधारण 280 दिवस लागतात, म्हशीला साधारण 310 आणि शेळीला 150. हा हिशेब मुलाला करू द्या. वासरू जन्मल्यावर दोन तासांच्या आत त्याला चीक पाजला का, तेही वहीत लिहू द्या. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांकही त्याने उतरून घ्यावा. लस टोचली ती तारीख त्याच्यापुढे लिहावी.

डॉक्टर गोठ्यात आले की मुलाने वही पुढे करावी. "दूध परवापासून निम्मे झाले, रवंथ कालपासून बंद," असे सांगणारे मूल पाहून कोणताही डॉक्टर खूश होईल. मग मुलाने विनंती करावी, "सुट्टीत मी तुमच्याबरोबर येऊ का?" महिनाभर दवाखान्यात उभे राहिले की मुलाला आपले मन कळते. रक्त पाहून काहींना सुरुवातीला घेरी येते. त्यात भ्यायचे कारण नाही. पण महिन्यानंतरही मन रमले नाही तर जबरदस्ती करू नये.

दुसरी शाळा पुस्तकाची

जनावरांवर माया असणे चांगले. पण नुसत्या मायेने डॉक्टर होता येत नाही. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. इथेच पुष्कळ मुले चुकतात. जीवशास्त्र सोडले तर पुढचे दार बंद होते. म्हणून अकरावीचा अर्ज भरताना विषय दोनदा वाचावेत.

बारावीला नीट नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. पण पुढचे शिक्षण इंग्रजीत असते, म्हणून इंग्रजीची भीती आठवीपासूनच घालवावी. रोज पाच शब्द शिकले तरी पुष्कळ झाले.

पदवीचा अभ्यास साडेपाच वर्षांचा असतो. त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. आपल्या राज्यात नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ हे शिक्षण देते. मुंबईचे महाविद्यालय सर्वांत जुने, 1886 सालचे. नागपूर, परभणी आणि उदगीर इथेही महाविद्यालये आहेत. कोल्हापूरकरांना जवळचे म्हणजे सातारा जिल्ह्यातले शिरवळचे. ते पुण्याच्या हमरस्त्यावर आहे. एकदा मुलाला घेऊन तिथे जाऊन यावे. शुल्क किती, वसतिगृह आहे का, सवलत कोणाला, हे तिथेच विचारावे.

प्रवेशाला जागा थोड्या आणि मुले फार, हेही मुलाला आधीच सांगावे. एखाद्या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर घर डोक्यावर घेऊ नये. पशुसंवर्धनाची पदविका, दुग्धशास्त्र, मत्स्यशास्त्र अशा दुसऱ्या वाटाही आहेत. मात्र पदविका घेतलेला माणूस डॉक्टर होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

टंच पाहिल्याशिवाय माल नको

हुपरीचा माणूस टंच पाहिल्याशिवाय चांदी घेत नाही. शिक्षणाचाही टंच पाहावा. "पैसे भरा, प्रवेश मिळवून देतो," असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. महाविद्यालयाला भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता आहे का, ते आधी विचारावे. 1984 च्या कायद्याप्रमाणे, ज्याने पदवी घेऊन परिषदेत नाव नोंदवले आहे, त्यालाच पशुवैद्य म्हणून व्यवसाय करता येतो. चार वर्षे डॉक्टरांची पिशवी धरली म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. आपल्या मुलालाही सांगावे : पाहा, शिका, लिहा, पण मनाने सुई टोचू नका.

जपून शिकावे

जनावरांचे काही रोग माणसाला होतात. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलू नये. फाशी रोगाचा संशय असलेले मेलेले जनावर फाडू नये. लाळ गाळणाऱ्या, पिसाळल्यासारख्या वागणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये. कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. गोठ्यातून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

मुलाला पदवी मिळायला सात-आठ वर्षे लागतील. पण गोठ्याची वही आजच सुरू करता येते. पुढे मूल डॉक्टर झाले तर उत्तम. नाही झाले तरी त्या वहीने एखादी म्हैस वेळेवर वाचेल, आणि तिच्याबरोबर घरही सावरेल.

प्रश्न

1. जनावरांच्या डॉक्टरला डोळ्यांनी का ऐकावे लागते?

2. म्हैस 1 जूनला भरवली. ती साधारण कोणत्या महिन्यात वीत असेल?

3. दहावीनंतर कोणता विषय सोडू नये? का?

घरी करा : वहीत चार रकाने आखा. आज आपल्या गोठ्यात काय पाहिले, ते दोन ओळींत लिहा. लिहिलेले मुलाला वाचून दाखवा.