आप्पांची फियाट पुण्याला आणताना

मुक्ता, आधी एक सांग, ती टोचनची कल्पना कुणाची? भाऊजींचीच असणार. त्यांना माझ्याकडून गोड शब्दांत नाही म्हणून सांग. पन्नास वर्षांची गाडी क्रेनला लटकवून कोल्हापूरहून पुण्यापर्यंत सव्वादोनशे किलोमीटर ओढत आणायची नसते गं. फियाटची ताकद मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं उचलून ओढली की मागची फिरतात, त्यांच्याबरोबर प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मागचा भागही फिरत राहतो. इंजिन बंद असल्यामुळे आतलं ऑइल मात्र जिथे पोचायला हवं तिथे नीट पोचत नाही. चारही चाकं रस्त्यावरून उचललेली हवीत. म्हणजे एकतर फ्लॅटबेड, नाहीतर बंद कंटेनर. पावसाळा तोंडावर असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी बंद कंटेनरच बघ.

पण मला तुझ्याशी खरं बोलायचंय ते ट्रकबद्दल नाही. माझी सगळी नोकरी विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर गेली, म्हणून हे आतलं सांगते. जुन्या गाडीचा दावा बहुतेक वेळा गाडी हलण्याआधीच फसलेला असतो. अपघात झाला की सर्वेअर दोन गोष्टी विचारतो, गाडी कुणाची आणि गाडी केवढ्याची. घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. या दोन्हींची उत्तरं तुझ्याकडे आधी कागदावर हवीत. ट्रकवाल्याला फोन त्यानंतर.

गाडी कुणाची? आप्पा गेले, पण आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे ना? माणूस गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. विमा पॉलिसीसुद्धा मालक गेल्यावर तीन महिनेच जिवंत राहते, आणि तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. तुमच्याकडे दुःखाच्या गडबडीत हे राहून गेलं असेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आता मात्र सासूबाई, सुहास आणि भाऊजी तिघांना एकत्र बसव. गाडी कुणाच्या नावावर जायची ते ठरू दे आणि बाकीच्यांची ना हरकत लेखी घे. भाऊजींना वाईट वाटेल म्हणून हे टाळू नकोस. पुढे नुकसानभरपाईचा चेक कुणाच्या नावाने काढायचा यावरून वाईट वाटण्यापेक्षा आत्ता वाटलेलं बरं.

आता केवढ्याची. इथे जरा सावकाश ऐक. नव्या गाडीचं मूल्य, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ते कंपनीची किंमत आणि वय यांच्या तक्त्यावरून निघतं. पाच वर्षांपुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलला तो तक्ता लागू नाही. तिथे विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतील ती किंमत. हे वाक्य तुझ्या बाजूचं आहे, पण तू तोंड उघडलंस तरच. गप्प बसलीस तर एजंट भंगाराच्या जवळपासचा आकडा टाकेल आणि हप्ता कमी आला म्हणून तूही खूश होशील. त्यापेक्षा स्वतंत्र सर्वेअरकडून मूल्यांकन करून घे. आप्पांनी इंजिनचं काम केलं, रंग काढला, त्या पावत्या शोध. त्यांच्यासारखा माणूस पावत्या टाकणारा नव्हे, कपाटातल्या कुठल्या तरी फाइलमध्ये असतील. आणि एजंटला नीट सांग, ही डुक्कर फियाट नाही, त्यानंतर १९६४ साली आलेली डिलाइट आहे, जिची पुढे पद्मिनी झाली. मॉडेल चुकीचं लिहिलं तर ठरवलेल्या किमतीला अर्थ उरत नाही.

थर्ड पार्टी पॉलिसीवर गाडी ट्रकवर चढवू नकोस. ती दुसऱ्याच्या नुकसानीची असते, तुझ्या गाडीच्या पत्र्याला त्यातून एक रुपया मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर रस्त्याने, रेल्वेने नेताना होणारं नुकसान तिच्या यादीतच असतं, हे पुष्कळ मालकांना माहीत नसतं. फक्त तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नकोस. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, रबर-प्लॅस्टिकवरही पन्नास. काचेवर काही कापत नाहीत, एवढाच काय तो दिलासा. म्हणजे मडगार्ड चेपलं तर नाना पेठ पालथी घालून सुटा भाग शोधायचा तू, आणि पैसे निम्मे. शिवाय बंद पडलेल्या पॉलिसीच्या जागी इतक्या जुन्या गाडीला पॅकेज द्यायला कंपन्या बरेचदा का-कू करतात.

म्हणून या एका प्रवासापुरती वेगळी ट्रान्झिट पॉलिसी विचार. तिच्यात अ, ब, क असे प्रकार असतात. क म्हणजे फक्त आग आणि वीज. ब मध्ये ट्रकची टक्कर, ट्रक उलटणं, पूल कोसळणं हेही येतं. अ सगळ्यात व्यापक. वापरलेल्या वस्तूला कंपनी अ देताना ओरखडे आणि पोचे वगळू शकते, तेव्हा ती बारीक अक्षरं वाच. चढवणं-उतरवणं धरलंय का, हेही विचार. नुकसान जास्त तिथेच होतं.

आणि हो, वाहतूकवाला म्हणेल, ‘मॅडम, इन्शुरन्स आमच्याकडूनच आहे.’ असेल तर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि तुमच्या गाडीचा नंबर असलेलं सर्टिफिकेट मागायचं. बिलावर नुसतं ‘एफओव्ही’ लिहून पैसे लावले असतील तर तो त्याचा जोखीम-आकार आहे, विमा नव्हे. कायद्यानं त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, तीही तू बुकिंगच्या कागदावर जाहीर केलेल्या किमतीच्या आतच. भाडं पंधरा हजार असेल तर दीड लाखावर हिशेब संपला. जास्त हवं तर जादा दर देऊन तसं लिहून घ्यावं लागतं. किमतीची जागा कोरी ठेवून सही करायची नाही. कागदावर मालकाच्या जोखमीवर असा शिक्का असेल तर आधी तो खोडायला लाव.

मध्येच एक. सुहास ते नवीन व्हिंटेज नंबरचं म्हणत होता ना? पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ला नियम आले आहेत, नोंदणीला वीस हजार लागतात आणि ती दहा वर्षं चालते. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते. रविवारी सासूबाईंना सारसबागेला घेऊन जायचं असेल तर घाई करू नका.

आता चढवायचा दिवस. आदल्या दिवशी गाडी धुऊन पुसून घे. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत आणि मग ‘हा आधीचाच होता’ हे ऐकावं लागतं. उजेडात चारही बाजू, छत, खालचा भाग, किलोमीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो आणि सलग एक व्हिडिओ काढ. टायरमध्ये हवा भर. पेट्रोल पाव टाकीपेक्षा कमी ठेव, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. व्हीलकॅप, आरसे, एरियल, डॅशबोर्डवरचा गणपती, जे जे सुटं होतं ते घरच्या दुसऱ्या गाडीच्या डिकीत घालून आण. मूळ आरसीही तुझ्याच पर्समध्ये.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकवर अजिबात विसंबायचं नाही. पेडल तळाला जाऊ शकतं. म्हणून आत माणूस बसवून धक्का मारत रॅम्पवर चढवू देऊ नकोस. विंचने हळूहळू ओढायची आणि एक जण लाकडी उटी घेऊन मागच्या चाकाशी, दर फुटाला सरकवत, पण गाडीच्या थेट मागे नाही. रॅम्प लांब हवा. उभा असला तर सायलेन्सर घासतो, त्याला फळ्या टाकून उतार कमी करता येतो. गाडीचं तोंड केबिनकडे असू दे, जुन्या बॉनेटच्या कडीचा भरवसा नसतो, उलटं वारं शिरलं तर उघडतं.

पट्टे बांधताना तू जवळ उभी राहा, माणसांना आवडलं नाही तरी. हूक बंपरला, स्टिअरिंगच्या दांड्याला, ब्रेकच्या नळीला नाही. चारही टायरवरून जाणारे रॅचेटचे पट्टे सगळ्यात चांगले, म्हणजे गाडी तिच्या स्प्रिंगांवर हलत राहते आणि पत्र्यावर ताण येत नाही. साखळी दिसली तर परत पाठव. उघड्या ट्रकवर कापडी कव्हर घालायचं नाही, वाऱ्याने ते फडफडून रंग खातं. ड्रायव्हरला सांग, कराडच्या आधी एकदा थांबून पट्टे तपास आणि ताण, ते सुरुवातीला सैल पडतातच. आणि नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना त्याने गिअरमध्येच यावं. त्या उताराचं तुला काय सांगायचं, रोज बातम्या वाचतेस.

गाडी पोचली की सही करण्याआधी फोटो काढून जुन्या फोटोंशी ताडून बघ. नवीन काही दिसलं तर ते बिल्टीवरच लिही, ‘रिमार्कसह ताब्यात घेतली’ असं. त्याच दिवशी विमा कंपनीला कळव, सर्वेअर बघेपर्यंत मेस्त्रीला हात लावू देऊ नकोस. वाहतूकवाल्याला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत जायला हवी, ती राहिली तर कोर्टात उभं राहता येत नाही. नोटीस स्पीड पोस्टानेच पाठव. व्हॉट्सॲपवर भांडणं हे नोटीस पाठवणं नसतं.

बहुतेक हे ट्रक रात्री उशिराच येऊन उभे राहतात. ड्रायव्हर घाईत असेल, सोसायटीचा वॉचमन कुरकुरेल, सुहास म्हणेल, घेऊ या उतरवून. तरी उतरवू नकोस. ड्रायव्हरला जेवू घाल, झोपायला जागा दे, आणि सकाळी उजेड झाल्यावर गाडी खाली घे. मला फोन कर, मी कोथरूडहून येतेच.